निळ्या कातड्याला शुल्कमाफी, पण कुणासाठी?

१ फेब्रुवारी २०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात बारा लाखांच्या प्राप्तिकर सवलतीचा एवढा गाजावाजा झाला की चामड्याविषयीची दोन वाक्ये कुणाच्या कानावरच गेली नाहीत. वेट ब्लू चामड्यावरचे १० टक्के मूळ आयात शुल्क शून्य झाले आणि क्रस्ट चामड्यावरचे २० टक्के निर्यात शुल्कही गेले. ज्या वस्तूशी आपल्या माणसांचे पोट आणि अपमान दोन्ही पिढ्यान् पिढ्या बांधले गेले, त्या वस्तूचा हा निर्णय आहे. म्हणून तो नीट समजून घेतला पाहिजे.

कस्टम्सच्या पुस्तकात चामडे ही एक वस्तू नाही. सीमाशुल्क दर अधिनियम, १९७५ च्या पहिल्या अनुसूचीचे ४१ वे प्रकरण काढून पाहा. कच्चे कातडे शीर्ष ४१०१ ते ४१०३ मध्ये येते. क्रोमियमच्या क्षारात कमावलेले ओले, निळसर कातडे म्हणजे वेट ब्लू. ते वाळवले, पण वरचा शेवटचा लेप चढवला नाही की क्रस्ट. या दोघांची जागा ४१०४ ते ४१०६ मध्ये. गाई-म्हशीचे चामडे पूर्ण तयार झाले की ४१०७. सोफ्याला आणि मोटारीच्या सीटला लागणारे चामडे ते हेच. त्यातही कातडे अखंड की अर्धे, वरचा थर शाबूत की चिरलेला, यावर उपशीर्षे पडतात. हेच चामडे सीटच्या मापात कापून आणले तर ते ९४ व्या प्रकरणात खुर्चीचा भाग ठरू शकते. शिवलेला सोफाच आला तर ९४०१, ज्यावरचे शुल्क २०२० च्या अर्थसंकल्पाने २० वरून २५ टक्के केले होते. रेक्झिन हे चामडेच नव्हे. प्लॅस्टिक चढवलेले कापड म्हणून ते ५९०३ मध्ये जाते.

२०११ पासून आयातदाराने शुल्काचे मूल्यांकन स्वतःच करायचे असते. चुकीचे वर्गीकरण दाखवले तर फरकाची वसुली, दंड, प्रसंगी माल जप्त. क्रस्ट कुठे संपते आणि फिनिश्ड कुठे सुरू होते हे नुसत्या डोळ्यांनी ठरत नाही. नमुना प्रयोगशाळेत जातो, कंटेनर बंदरात पडून राहतो आणि भाडे चढत जाते. ज्याच्यामागे भांडवल आणि वकील आहे तो हे सोसतो. धारावीत बॅगा शिवणारा माणूस असे प्रकरण घेऊन वकिलाकडे येतच नाही, कारण त्याच्या नावावर कंटेनरच नसतो. तो दुकानदाराकडून फुटावर चामडे घेतो. बंदरात शून्य झालेले शुल्क त्या फुटाच्या भावात उतरते की मधल्यामध्ये जिरते, याचा हिशेब कोण ठेवतो? (मूळ शुल्कावर १० टक्के ‘समाजकल्याण अधिभार’ लागतो. मूळ शुल्क शून्य झाले की समाजकल्याणही शून्य!)

आता धोरणाची कोलांटउडी पाहा. २०२१ च्या अर्थसंकल्पात याच सरकारने काही प्रकारच्या चामड्यांवरची आयात सवलत काढून घेतली. कारण दिले की असे चामडे देशातच, बहुतांशी लघुउद्योगांत, पुरेसे आणि चांगले तयार होते. चार वर्षांनी तेच सरकार म्हणते की मूल्यवर्धन आणि रोजगार यांसाठी आयात मोकळी हवी. मग देशातले पुरेसे आणि चांगले चामडे गेले कुठे?

एक गोष्ट मान्य करायला हवी. सोफ्याला मोठे, बिनडागी कातडे लागते. आपल्याकडची जनावरे लहान, त्यांच्या कातड्यावर जुवाचे, गोचिडांचे, डागण्यांचे व्रण. त्यामुळे काही आयात होणारच. पण देशी कातड्याचा पुरवठा कायद्यानेही आवळला आहे. महाराष्ट्राच्या १९९५ च्या दुरुस्तीला २०१५ मध्ये राष्ट्रपतींची संमती मिळाली आणि बैल, वळूंच्या कत्तलीवरही बंदी आली. २०१६ मध्ये उच्च न्यायालयाने परराज्यातले गोमांस बाळगण्यावरची बंदी रद्द केली, कत्तलबंदी मात्र कायम ठेवली. त्याच वर्षी जुलैत गुजरातेत उना येथे मेलेल्या गाईचे कातडे सोलणाऱ्या आपल्या बांधवांना भर रस्त्यात झोडपले गेले. परदेशी कत्तलखान्यातले कातडे बिल ऑफ एन्ट्रीवर सन्मानाने बंदरात उतरते. इथल्या मेलेल्या जनावराच्या कातड्याला जमावाची परवानगी लागते!

क्रस्टवरचे निर्यात शुल्क लहान चर्मोद्योजकांसाठी काढले, असे अर्थमंत्री म्हणाल्या. लहान कारखान्याला गिऱ्हाईक मिळेल, हे खरे. पण या २० टक्क्यांमुळे क्रस्ट देशात थांबत होते आणि रंग, लेप, शिलाईचे काम इथल्या हातांना मिळत होते. आता अर्धवट चामडे बाहेर जाईल आणि सोफा होऊन परत येईल, ही भीती मला मोठी वाटते.

यावर कुणी म्हणेल, बाबासाहेबांनी मेलेली ढोरे ओढणे सोडायला सांगितले, मग चामड्याची चिंता कशाला? मेलेल्या ढोरांपासून अस्पृश्यांना किती फायदा होतो याचा हिशेब मांडणाऱ्यांना बाबासाहेबांनी १५ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात चोख उत्तर दिले होते. ते काम आपल्याला परत नकोच आहे. पण महारांनी ओढलेले, ढोरांनी कमावलेले, चांभारांनी शिवलेले चामडे आज भांडवलाचा धंदा झाले आहे, आणि त्यातले आयातदाराचे, मालकाचे स्थान मागणे म्हणजे जातीचे काम मागणे नव्हे.

संत रोहिदास चर्मोद्योग व चर्मकार विकास महामंडळाने स्वतःच्या नावावर वेट ब्लू आणावे, कारखान्यांकडून तयार करून घ्यावे आणि कारागिरांना खरेदीच्या भावात द्यावे. शून्य शुल्काचा लाभ त्यालाही मिळू शकतो. २०२५ च्या अर्थसंकल्पातील पादत्राणे व चर्मोद्योग योजनेतून २२ लाख रोजगारांचे आश्वासन दिले गेले. त्यांत अनुसूचित जातींचे मालक किती आणि मजूर किती, हेही माहितीच्या अधिकारात विचारता येते. अर्जाला दहा रुपये लागतात.