वगळलेला धडा

या अंकाची जुळवाजुळव सुरू झाली ती जुलै 2025 मध्ये. आणि अमेरिकेतील टेनेसी राज्यातल्या डेटन नावाच्या लहानशा गावी चाललेल्या एका खटल्यास त्याच महिन्यात शंभर वर्षे पूर्ण झाली, हे आमच्या मनातून काही केल्या जाईना. सणाच्या अंकाच्या पहिल्याच पानावर परमुलखातील जुन्या खटल्याचे दप्तर उघडणे कोणास अप्रस्तुत वाटेल. परंतु त्या खटल्यातला प्रश्न आपल्या मुलांच्या पाठ्यपुस्तकात नुकताच येऊन गेला आहे, आणि तो आला केव्हा व गेला केव्हा हे आपल्यापैकी फारच थोड्यांच्या ध्यानात आले आहे.

बायबलातील ईश्वरी निर्मितीची कथा नाकारणारा आणि मनुष्य खालच्या प्रतीच्या प्राण्यांपासून उत्पन्न झाला असे सांगणारा सिद्धान्त सरकारी शाळांतून शिकवू नये, असा कायदा टेनेसीत मार्च 1925 मध्ये झाला. तो मोडल्याच्या आरोपावरून जॉन स्कोप्स हा चोवीस वर्षांचा शिक्षक न्यायासनापुढे उभा राहिला. त्याच्या बाजूने क्लॅरेन्स डॅरो हा त्या काळचा नामांकित वकील आणि सरकार पक्षातर्फे राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक तीनदा लढवलेला विल्यम जेनिंग्ज ब्रायन, असा तो सामना होता. ज्यूरीने अवघ्या नऊ मिनिटांत आरोपीस दोषी ठरवले आणि शंभर डॉलर दंड झाला. पुढे 1927 मध्ये, दंडाची रक्कम ज्यूरीऐवजी न्यायाधीशाने ठरवली एवढ्याच तांत्रिक कारणावरून, तो निकाल रद्द झाला. कायदा मात्र 1967 पर्यंत जागच्या जागी राहिला.

ब्रायनची थट्टा करण्याची रीत पडून गेली आहे; ती आम्हांस मान्य नाही. बलवानांनी दुर्बळांस तुडवावे असा अर्थ या सिद्धान्तातून काढला जाईल, हे त्याचे भय अनाठायी नव्हते. कारण स्कोप्सच्या वर्गातील, सरकारनेच मंजूर केलेल्या, जॉर्ज हंटर यांच्या पुस्तकात उत्क्रांतीच्या विवेचनाच्या जोडीला मानववंशांची उच्चनीच प्रतवारी होती आणि 'हीन' ठरवलेल्या कुटुंबांची वाढ रोखण्याचा पुरस्कारही होता. जन्मावरून माणसाची पायरी ठरवण्याचा रोग ज्या समाजाने पिढ्यान् पिढ्या भोगला, त्या आपल्या समाजाला तरी ब्रायनची ही धास्ती समजावी. परंतु त्याचा उपाय चुकला: पुस्तकातील अविचार खोडावयाचा सोडून त्याने ज्ञानावरच काट मारली. शाळा रयतेच्या करावर चालतात, तेव्हा त्यांत काय शिकवावे हे रयतेनेच ठरवावे, हा त्याचा दुसरा मुद्दा दिसावयास सरळ आहे. पण शाळा किती काढाव्यात, फी किती घ्यावी, हे बहुमताने ठरेल, खडकाच्या थरात सापडलेल्या हाडाचे वय बहुमताने ठरावयाचे नाही.

तरीही खटल्याहून अधिक विचार करावयास लावते ते त्यानंतरचे मौन. 1926 मध्ये हंटर यांच्या पुस्तकाची सुधारित आवृत्ती निघाली, तीत 'उत्क्रांती' हा शब्दच उरला नाही. इतर प्रकाशकांनीही, विक्री बुडू नये म्हणून, तो विषय आखडता घेतला, आणि जेथे कसलीही बंदी नव्हती अशा राज्यांतील मुलेही त्याला मुकली. रशियाचा स्पुटनिक 1957 मध्ये आकाशात गेला, विज्ञानशिक्षणात आपण मागे पडलो ही जाणीव अमेरिकेस झाली, तेव्हा कोठे साठीच्या दशकातील नव्या पुस्तकांतून उत्क्रांती परतली. आणि आर्कान्सातील सुझन एपर्सन या शिक्षिकेच्या दाव्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने असली बंदी 1968 मध्ये घटनाबाह्य ठरवली.

आपल्याकडे काय घडले? जानेवारी 2018 मध्ये, तेव्हाच्या औरंगाबादेत, एका केंद्रीय राज्यमंत्र्यांनी असे विधान केले की माकडाचा माणूस होताना कोणी पाहिलेला नाही, डार्विनचा सिद्धान्त चुकीचा आहे आणि तो अभ्यासक्रमातून बदलला पाहिजे. ते जाहीर बोलले, म्हणून त्यांना जाहीर उत्तर मिळाले. देशातील तिन्ही विज्ञान अकादमींनी संयुक्त निवेदन काढून ते विधान खोडून काढले. परंतु पुढे एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातील 'आनुवंशिकता आणि उत्क्रांती' या प्रकरणाचे नुसते 'आनुवंशिकता' झाले, ते महासाथीनंतर मुलांवरचा भार हलका करण्याच्या नावाखाली. तेथे वाद घालावयास समोर कोणी माणूसच नव्हता. एप्रिल 2023 मध्ये अठराशेहून अधिक शास्त्रज्ञ व शिक्षकांनी निषेधाचे पत्र काढले. बारावीच्या जीवशास्त्रात हा विषय आहेच, असे त्यावर सांगण्यात आले. पण सर्वांना सक्तीने विज्ञान शिकावे लागते ते दहावीपर्यंतच, आणि पुढे वाणिज्य किंवा कला शाखेकडे वळणाऱ्या मुलांस बारावीचे जीवशास्त्र काय कामाचे?

मत्स्य, कूर्म, वराह, नरसिंह या क्रमात आपल्या पूर्वजांनी हेच सांगून ठेवले आहे, असे प्रेमाने म्हणणारे पुष्कळ आहेत. दशावतारांवरील त्यांच्या भक्तीस आमचा नमस्कार आहे. पण अवतारांचा जिना एका उद्दिष्टाकडे चढत जातो, नैसर्गिक निवडीचे झाड मात्र कोठेही पोहोचावयाचे नसताना फांद्या फोडीत वाढते, आणि माकड हा आपला आजोबा नसून दूरचा भाऊबंद आहे, हे त्या झाडावाचून कळत नाही. श्रद्धेला या झाडाची धास्ती बाळगण्याचे कारण आम्हांस दिसत नाही. पेनसिल्व्हेनियातील डोव्हर येथे 2005 मध्ये असाच दावा चालला, तेव्हा उत्क्रांतीच्या बाजूने साक्ष देणारे जीवशास्त्रज्ञ केनेथ मिलर हे स्वतः श्रद्धावान कॅथलिक होते.

आपल्या राज्य मंडळाने 2018 मध्ये काढलेल्या दहावीच्या 'विज्ञान आणि तंत्रज्ञान, भाग 2' या पुस्तकाचा पहिलाच धडा 'आनुवंशिकता व उत्क्रांती' हा आहे. जून महिन्यात, कोऱ्या पुस्तकाचा वास अजून हाताला असतानाच, मराठी शाळेतील मूल जीवाश्मांपाशी आणि अवशेषांगांपाशी येते. नवे अभ्यासक्रम आता घडत आहेत. आमच्या वाचकांत शिक्षक पुष्कळ आहेत. हा धडा शिकवताना वर्गात कोणते प्रश्न आले, कोणते घरून आले आणि त्यांना काय उत्तर दिले, हे त्यांनी आम्हांस सविस्तर लिहून कळवावे. पुढील दिवाळीच्या अंकात त्या पत्रांसाठी पाने राखून ठेवली आहेत.