आरशासमोरचे पाढे

प्रोग्रॅमिंग शिकताना पहिल्याच आठवड्यात एक गोष्ट कळते. स्क्रीनवर 'सर्व टेस्ट पास' असं छापणारी एक ओळ कोडमध्ये टाकली, की स्क्रीनवर तसं छापून येतं. त्याने टेस्ट पास होत नाहीत. हे कळायला इंजिनिअरिंगची डिग्री लागत नाही. तरीही माझ्या ओळखीतले कितीतरी इंजिनिअर रोज सकाळी आरशासमोर उभे राहून हेच करतात. 'मी आत्मविश्वासाने भरलेला आहे.' 'मी जसा आहे तसा स्वतःला आवडतो.' दहा वेळा सकाळी, दहा वेळा रात्री, सलग एकवीस दिवस. त्यासाठी अ‍ॅप आहे, अ‍ॅपची वर्गणी आहे, आणि बाविसाव्या दिवशी काहीच बदललं नसेल तर 'तुम्ही मनापासून म्हटलं नाहीत' हे उत्तरही तयार आहे.

माझं म्हणणं सरळ आहे. स्वतःविषयी चांगली वाक्यं घोकण्याला आत्मस्वीकार म्हणू नका. स्वतःला रोज परीक्षेला बसवायचं आणि स्वतःच पैकीच्या पैकी गुण द्यायचे, असा तो प्रकार आहे. ज्याला परीक्षेचीच धास्ती आहे त्याच्या डोक्यावर आणखी एक रोजची परीक्षा बसवून त्याचं भलं होत नाही. मी व्यायामांच्या विरोधात नाही. चुकीच्या व्यायामांच्या विरोधात आहे.

हा प्रकार इन्स्टाग्रामने जन्माला घातलेला नाही. फ्रान्समधल्या नान्सी शहरात एमिल कुए नावाचा औषधविक्रेता होता. आपण दिवसेंदिवस सुधारतो आहोत, अशा अर्थाचं एक वाक्य तो लोकांना सकाळी उठल्यावर आणि रात्री झोपताना वीस-वीस वेळा पुटपुटायला सांगायचा. मोजायला वीस गाठी मारलेली दोरी. १९२०च्या दशकात युरोप-अमेरिकेत त्याची मोठी लाट होती. आजचं अ‍ॅप म्हणजे तीच दोरी, फक्त नोटिफिकेशन पाठवणारी.

मनाशी बोलायची सवय आपल्याकडे त्याहून कितीतरी जुनी आहे. रामदासांचे २०५ मनाचे श्लोक आजही अनेक घरांत दिवेलागणीला म्हटले जातात. श्रद्धेचा भाग बाजूला ठेवून नुसती त्यांची रचना बघा. तिथे मनाला 'तू किती थोर' असं कुणी सांगत नाही. काय धरावं, काय सोडावं, कसं वागावं हे सांगतात. बोलणं मनाशी आहे, पण रोख वागण्याकडे आहे. आरशासमोरच्या वाक्यांतून गळलाय तो नेमका हा रोख.

या कल्पनेला सरकारी आशीर्वादही मिळाला होता. १९८६ साली कॅलिफोर्नियात जॉन वास्कोन्सेलोस या लोकप्रतिनिधीच्या आग्रहामुळे आत्मसन्मान वाढवण्यासाठी चक्क एक सरकारी कार्यगट नेमला गेला. गुन्हेगारी, व्यसनं, शाळेतलं अपयश या सगळ्याच्या मुळाशी स्वतःविषयीचं वाईट मत आहे, तेवढं सुधारलं की बाकीचं आपोआप सुधारेल, असा हिशोब होता. १९९० साली अहवाल आला आणि शाळाशाळांत 'मी खास आहे' छापाचे उपक्रम सुरू झाले. पुढे २००३ साली रॉय बाउमायस्टर आणि सहकाऱ्यांनी तोवरच्या संशोधनाचा मोठा आढावा घेतला. त्यांना दिसलं ते असं: आत्मसन्मान आणि चांगले गुण यांचा थोडाफार संबंध आहे, पण गाडी बऱ्याचदा उलट्या दिशेने धावते. काम जमलं की स्वतःविषयी बरं वाटतं. आधी बरं वाटवून घेतल्याने काम जमतं, याला फारसा आधार सापडला नाही.

मग घोकल्याने निदान नुकसान तरी होत नाही ना? कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठात जोआन वुड आणि सहकाऱ्यांनी हेच तपासलं. निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाले. प्रयोगात लोकांना चार मिनिटं मनात येईल ते लिहायला सांगितलं. काहींना दर पंधरा सेकंदांनी एक घंटा ऐकू यायची आणि ती वाजली की 'मी प्रेम करण्यासारखी व्यक्ती आहे' असं स्वतःला सांगायचं. ज्यांचं स्वतःविषयी आधीच चांगलं मत होतं, त्यांना किंचित बरं वाटलं. ज्यांचं मत वाईट होतं, म्हणजे ज्यांच्यासाठी हा सगळा खटाटोप असतो, त्यांना न घोकणाऱ्यांपेक्षा जास्त वाईट वाटलं. एका प्रयोगावर सगळा डोलारा उभा करू नये, हे मान्य. पण यामागचं कारण तुम्ही स्वतःवर तपासून बघू शकता. 'मी हुशार आहे' असं म्हणताक्षणी मन वकिलासारखं उभं राहतं: 'मग गेल्या मंगळवारी मीटिंगमध्ये काय झालं होतं?' तुम्ही एक दावा केलात, त्याने पुराव्यांची फाईल काढली. आणि त्याच्याकडची फाईल कायम तुमच्यापेक्षा जाड असते.

शरीराच्या युक्त्यांचीही तीच गत. इंटरव्ह्यूच्या आधी बाथरूममध्ये कमरेवर हात ठेवून दोन मिनिटं सुपरहिरोसारखं उभं राहा, हा सल्ला तुम्हालाही कुणीतरी दिला असेल. त्यामागचा अभ्यास २०१० सालचा, अवघ्या ४२ लोकांवरचा. २०१२मध्ये एमी कडी यांच्या टेड भाषणामुळे तो जगभर पोचला. २०१५ साली दुसऱ्या गटाने २०० लोकांवर तो करून पाहिला. उभं राहणाऱ्यांना जोरकस 'वाटलं' खरं, पण हार्मोन्स किंवा धोका पत्करण्याची तयारी यांत फरक दिसला नाही. २०१६मध्ये मूळ अभ्यासाच्या पहिल्या लेखिका डेना कार्नी यांनीच, या परिणामावर आपला विश्वास उरलेला नाही, असं जाहीरपणे लिहिलं. भाषण मात्र अजून फॉरवर्ड होतंय.

आता आपल्या ऑफिसात या.

माझ्या टीममध्ये जालन्याकडचा एक मुलगा आला. बारावीपर्यंत मराठी माध्यम, कोड स्वच्छ, कॉलवर मात्र माईक कायम म्यूट. क्लायंटने काही विचारलं की तो चॅटवर मला उत्तर टाइप करायचा आणि मी ते वाचून दाखवायचो. कंपनीने एका शनिवारी आत्मविश्वासाची कार्यशाळा ठेवली. कोच आले, संगीत लागलं, प्रत्येकाने रंगीत चिठ्ठीवर स्वतःचे तीन चांगले गुण लिहायचे होते. त्याने 'प्रामाणिक' लिहिलं, 'कष्टाळू' लिहिलं आणि मग माझ्याकडे झुकून हळूच विचारलं, "दादा, तिसरा काय लिहू?" शेवटी सगळ्यांनी एकमेकांना टाळ्या दिल्या. सोमवारी माईक पुन्हा म्यूट.

त्यानंतर आम्ही दोघांनी वेगळं काहीतरी ठरवलं. पहिला आठवडा: कॉलवर स्वतःच्या कामाची दोनच वाक्यं स्वतः बोलायची, कागदावर लिहून आणली तरी चालतील. तिसरा आठवडा: स्क्रीन शेअर करायची. दुसरा महिना: दर गुरुवारच्या डेमोतली दहा मिनिटं त्याची. एकदा समोरच्याने लागोपाठ तीन वेळा 'सॉरी, पुन्हा सांगाल?' विचारलं. त्याने तीन वेळा पुन्हा सांगितलं. पुढे एका गुरुवारी त्यानेच क्लायंटला थांबवून दाखवून दिलं की त्यांनी पाठवलेल्या फाईलमध्ये ऑर्डर नंबर दुबार आहेत, म्हणून हिशोब जुळत नाही. इंग्रजी अजून अडखळतं. तळहाताला अजून घाम येतो. तो म्हणतो, "भीती वाटतेच, पण भीती वाटत असतानाही बोलता येतं, एवढं आता माहितीये."

अल्बर्ट बँड्युरा या मानसशास्त्रज्ञाने १९७७ सालीच याची मांडणी केली आहे. 'हे मला जमेल' हा विश्वास चार वाटांनी येतो, असं तो म्हणतो: स्वतः करून पाहिल्याने, आपल्यासारख्या दुसऱ्याला करताना पाहिल्याने, कुणी पटवून दिल्याने आणि शरीराच्या अवस्थेमुळे. यांत सर्वांत दणकट वाट पहिली. 'तुला जमेल' हे नुसते शब्द तिच्यापुढे फार कमकुवत. सापांना घाबरणाऱ्या लोकांवर बँड्युराने प्रयोग केले तेव्हा, दुसऱ्याला साप हाताळताना नुसतं बघणाऱ्यांपेक्षा, मदत घेत घेत स्वतः साप हाताळणाऱ्यांचा विश्वास जास्त वाढला. आमची कार्यशाळा तिसऱ्या वाटेवर खर्ची पडली. पहिल्या वाटेला एक पैसा लागला नाही.

इथे एक रास्त प्रश्न येतो. त्याला जमलं म्हणून ठीक. जमलं नसतं तर?

आत्मविश्वास आणि आत्मस्वीकार यांतला फरक इथेच आहे, आणि बाजार तो मुद्दाम पुसतो. आत्मविश्वास एखाद्या कामापुरता असतो. आत्मस्वीकार म्हणजे ते काम फसलं तरी 'मी म्हणजेच अपयश' असा शिक्का स्वतःवर न मारणं. हे सर्वांत नेमकं सांगितलं अल्बर्ट एलिस यांनी. १९५५च्या सुमारास त्यांनी विवेकनिष्ठ मानसोपचार, म्हणजे आज ज्याला आरईबीटी म्हणतात, ती पद्धत सुरू केली. आत्मसन्मानाच्या कल्पनेवरच त्यांचा आक्षेप होता. 'मी यशस्वी म्हणून मी चांगला' असं मानलं, की अपयशाच्या दिवशी 'मी वाईट' हेही मान्य करावं लागतं. म्हणून एलिस म्हणत, वागणुकीला गुण द्या, माणसाला देऊ नका. चांगले गुणही नकोत. 'मी खास आहे' ही चिठ्ठी त्यांनी पहिली फाडली असती.

आणि हे ते खुर्चीत बसून सांगत नव्हते. एकोणिसाव्या वर्षी, मुलींशी बोलायच्या भीतीवर उपाय म्हणून, ते महिनाभर न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधल्या वनस्पती उद्यानात जाऊन बाकावर एकट्या बसलेल्या स्त्रियांशी बोलायला सुरुवात करत. त्यांनीच दिलेला हिशोब: १३० जणींच्या शेजारी बसले, ३० उठून गेल्या, १०० जणींशी बोलणं झालं, एक भेटायला तयार झाली आणि तीही आली नाही. हाच प्रयोग आज कुणी अनोळखी मुलींवर करू नये, हे वेगळं सांगायला नको. पण निष्कर्ष घ्या: शंभर वेळा नकार मिळूनही आकाश कोसळलं नाही. पुढे त्यांनी लाजेवर हल्ला करणारे व्यायाम तयार केले. केळ्याला दोरी बांधून ते कुत्र्यासारखं रस्त्यावरून फिरवा. भुयारी रेल्वेत येणाऱ्या स्टेशनांची नावं मोठ्याने पुकारा. लोक बघतील, हसतील, मग आपापल्या फोनमध्ये परत जातील. वेड्यासारखं दिसणं सहन होतं आणि त्याने आपली किंमत कमी होत नाही, हे त्यातून अंगाला कळतं.

हे सगळं मराठीत कधीच आलेलं आहे. ठाण्याच्या आयपीएचचे डॉ. आनंद नाडकर्णी आणि मुंबईचे कि. मो. फडके यांनी ही पद्धत इथे रुजवली. डॉ. अंजली जोशी यांचं 'मी अल्बर्ट एलिस' हे पुस्तक आहे. तरी आपण एकवीस दिवसांचं अ‍ॅप विकत घेतो, कारण अ‍ॅप घरातून बाहेर पडायला सांगत नाही.

तुम्हाला हवे असतील तर व्यायाम हे घ्या. वनाझहून मेट्रोत बसा आणि 'पुढचं स्टेशन आनंदनगर' असं खणखणीत आवाजात सांगा. महागड्या कॅफेत जाऊन फक्त साधं पाणी मागा. लिफ्टमध्ये सगळे दाराकडे तोंड करून उभे असताना तुम्ही उलटं उभे राहा. अट एकच: कुणाला त्रास नको, स्वतःच्या पोटावर पाय नको. नंतर वहीत तीन ओळी लिहा: काय होईल वाटलं होतं, काय झालं, मी स्वतःला काय म्हणालो. डायरी लिहायचीच तर अशी, घडलेल्याची नोंद करणारी.

दोन गोष्टी मात्र या व्यायामांनी सुटत नाहीत. पहिली: झोप उडाली असेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर केळं फिरवत बसू नका. डॉक्टर गाठा. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर मोफत आहे. दुसरी: सगळी कमतरता तुमच्या आत नाही. दहातल्या दोघांनाच वरचं रेटिंग द्यायचं हे आधीच ठरलं असेल, तर उरलेल्या आठांनी कितीही आत्मविश्वास कमावला तरी ते आठच राहतात. आडनाव ऐकून पुढचा प्रश्न बदलणारा मुलाखतकार, उच्चारावर हसणारा मॅनेजर, यांची दुरुस्ती तुमच्या आरशात होणार नाही. कंपन्यांना आत्मविश्वासाच्या कार्यशाळा आवडतात, कारण त्यांत दोष कायम कर्मचाऱ्याच्या मनात सापडतो, रेटिंगच्या पद्धतीत कधीच नाही. स्वतःला गुण देणं थांबवलेला माणूस मात्र त्यांना गैरसोयीचा असतो. 'हे गुण कशाच्या आधारावर दिलेत?' हे तो शांतपणे विचारू शकतो.

म्हणून एकवीस दिवस सोडा. उद्याच्या मीटिंगमध्ये मोठ्याने एवढंच म्हणा: 'मला हे कळलं नाही, पुन्हा सांगाल का?' घोकायचंच असेल तर हे वाक्य घोका. याला निदान समोरून उत्तर येतं.