तर्काची परीक्षा की सरावाच्या संधीची?

धरमतर (प्रतिनिधी) - शाळेतील शिष्यवृत्ती परीक्षा असो वा राज्यसेवेची पूर्वपरीक्षा, पोलीस भरती असो वा एमबीएची सीईटी. या प्रत्येक परीक्षेच्या दारात एक पहारेकरी हमखास उभा असतो. कुठे त्याला बुद्धिमत्ता चाचणी म्हणतात, कुठे तर्कक्षमता. पाठांतराला येथे वाव नाही, येथे उपजत बुद्धीच कामी येते, असा समज त्याच्याविषयी रूढ आहे. प्रत्यक्षात तर्काच्या प्रश्नांइतका सरावावर अवलंबून असणारा दुसरा विषय शोधून सापडणार नाही. म्हणूनच हा सराव कोणाला मिळतो आणि कोणाला मिळत नाही, हा प्रश्न समान संधीशी येऊन भिडतो. धरमतर खाडीच्या दोन्ही तीरांवरील गावांसाठी तो विशेष जिव्हाळ्याचा आहे.

या परिसराला स्पर्धा परीक्षा नवी नाही. रोह्याच्या देशमुख घराण्यातील चिंतामणराव देशमुख १९१८ मध्ये लंडनमध्ये झालेल्या आयसीएस परीक्षेत पहिले आले आणि १९४३ मध्ये रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. त्यांच्या काळातील परीक्षा विस्तृत उत्तरांची होती. भाषा, इतिहास, गणित, विज्ञान अशा विषयांतील व्यासंगाचा तीत कस लागे. आज त्याच रिझर्व्ह बँकेत 'ब' श्रेणीचा अधिकारी होऊ इच्छिणाऱ्याला पहिल्या टप्प्यात २०० पैकी ६० प्रश्न तर्कक्षमतेचे सोडवावे लागतात. लाखो अर्जांतून काही हजारांची निवड करायची, तर झटपट तपासता येणारी बहुपर्यायी प्रश्नपत्रिका ही यंत्रणेची गरज ठरते. तर्काचे प्रश्न या साच्यात चपखल बसतात.

पाचवीपासून शिक्षकापर्यंत

या प्रश्नांचा पसारा थक्क करणारा आहे. पाचवीतील मुलांसाठी असलेल्या नवोदय प्रवेश परीक्षेत ८० पैकी ४० प्रश्न मानसिक क्षमतेचे असतात. महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेच्या शिष्यवृत्ती परीक्षेत ३०० पैकी १०० गुण बुद्धिमत्ता चाचणीला आहेत. एमबीए सीईटीच्या २०० प्रश्नांत ७५ तार्किक आणि २५ आकृत्यांवर आधारित, म्हणजे निम्मी प्रश्नपत्रिका तर्काची. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होण्यासाठी २०१७ पासून जी अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी घेतली जाते, तिच्यातही २०० पैकी ८० गुण बुद्धिमत्तेचे आहेत. थोडक्यात, विद्यार्थ्याला वर्गात पुढे जायचे असो वा शिक्षकाला त्या वर्गात शिरायचे असो, वाट एकाच नाक्यावरून जाते. असे असूनही शाळेच्या नियमित वेळापत्रकात 'तर्क' नावाचा तास नाही. शिष्यवृत्तीच्या वर्षी काही शाळांत जादा तास होतात. परीक्षा संपली की विषयही संपतो.

ज्ञान बाजूला ठेवण्याचे कौशल्य

सरावाने नेमके काय बदलते, हे एका साध्या उदाहरणावरून कळेल. 'सर्व मचवे होड्या आहेत. काही होड्या यांत्रिक आहेत. निष्कर्ष : काही मचवे यांत्रिक आहेत.' हा निष्कर्ष बरोबर की चूक? खाडीकाठच्या मुलाने इंजिनावर चालणारे मचवे डोळ्यांनी पाहिलेले असतात. तो बिनदिक्कत 'बरोबर' म्हणेल आणि गुण गमावेल. कारण दिलेल्या दोन विधानांतून हा निष्कर्ष निघत नाही; यांत्रिक असलेल्या त्या 'काही' होड्या मचव्यांखेरीज इतरही असू शकतात. येथे मुलाची बुद्धी कमी पडलेली नाही. डोळ्यांनी पाहिलेले बाजूला ठेवून केवळ समोरच्या विधानांवर विसंबायचे, हा परीक्षेचा संकेत त्याला कोणी सांगितलेला नाही. हा संकेत पंचवीस-तीस प्रश्न समजून सोडवल्यावर अंगवळणी पडतो.

संशोधनही हेच सांगते. आकलनक्षमतेच्या चाचण्या पुन्हा दिल्यास काय होते, यावरील ५० अभ्यासांचा एकत्रित आढावा २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. केवळ दुसऱ्यांदा चाचणी दिल्याने गुणांत सरासरी सुमारे पाव प्रमाण विचलनाची वाढ होते आणि शिकवणीची जोड मिळाल्यास ती अधिक असते, असा त्याचा निष्कर्ष होता. सोप्या भाषेत सांगायचे, तर शंभरांत मधोमध असलेला उमेदवार सुमारे दहा जणांना मागे टाकतो. एकेका गुणावर शेकडो उमेदवार अडलेले असतात, तेथे ही वाढ निर्णायक ठरते.

'अंकल' कोण - काका की मामा?

दुसरा अडसर भाषेचा. नातेसंबंधांवरचे प्रश्न इंग्रजीत रचले जातात, तेव्हा त्यातील कोडे 'अंकल', 'कझिन', 'ब्रदर-इन-लॉ' या शब्दांच्या संदिग्धतेवर उभे असते. मराठीत 'अंकल' म्हणजे काका, मामा किंवा आत्याचा, मावशीचा नवरा; 'ब्रदर-इन-लॉ' म्हणजे दीर, मेहुणा वा साडू. अनुवादकाने यातील एक शब्द निवडला की एक तर उत्तर उघडे पडते, नाही तर प्रश्नच चुकतो. इंग्रजी मुळाक्षरांच्या क्रमावर आधारलेली सांकेतिक भाषा मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्याला वेगळी पाठ करावी लागते, ती निराळीच.

ही अडचण आजची नाही. डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी १९३०च्या दशकात फ्रेंच मानसशास्त्रज्ञ बिने यांच्या चाचण्या मराठी आणि कानडी मुलांसाठी नव्याने बेतल्या, त्या परक्या चाचणीचे शब्दशः भाषांतर पुरेसे नसते हे जाणूनच. आज एमपीएससी, पोलीस भरती आणि विधी सीईटी मराठीतून देता येतात. कर्मचारी निवड आयोगाने २०२३ पासून एमटीएससारख्या काही परीक्षांत मराठीचा पर्याय दिला. मात्र केंद्रीय लोकसेवा आयोगाची पूर्वपरीक्षा हिंदी आणि इंग्रजीतच असते आणि एमबीए सीईटी फक्त इंग्रजीत. अशा ठिकाणी तर्क चुकला की वाक्य कळले नाही, हे गुणपत्रिकेवरून सांगता येत नाही.

तेहतीस टक्क्यांचे गणित

राज्यसेवेच्या पूर्वपरीक्षेत 'सीसॅट' हा पेपर २०१३ मध्ये आला. कला आणि ग्रामीण शाखांतील उमेदवारांवर तो अन्याय करतो, अशी तक्रार वर्षानुवर्षे होत राहिली. केंद्रीय आयोगाने २०१५ मध्ये हा पेपर केवळ अर्हतेपुरता ठेवला, तर एमपीएससीने तसा निर्णय २०२२ मध्ये जाहीर केला. आता ३३ टक्के गुण मिळाले की पुरे. 'मग तयारी कशाला?' असा निष्कर्ष अनेक जण काढतात. तो धोक्याचा आहे.

८० प्रश्न, २०० गुण, प्रत्येक प्रश्नाला अडीच गुण. ३३ टक्के म्हणजे ६६ गुण. चुकीच्या उत्तराला एक चतुर्थांश, म्हणजे ०.६२५ गुण वजा होतात. निर्णयक्षमतेच्या मोजक्या प्रश्नांना ही वजावट नाही. वजावटीच्या प्रश्नांपुरते पाहिले, तर ३० उत्तरे बरोबर आणि १४ चूक असलेला उमेदवार ६६.२५ गुणांनी तरतो. तेवढीच बरोबर, पण १५ चूक असलेला ६५.६२५ वर अडकतो आणि पहिल्या पेपरात कितीही गुण असले तरी बाद होतो. एका अंदाजपंचे उत्तराची ही किंमत आहे. कोणता प्रश्न सोडून द्यावा, हे ओळखणेही सरावातूनच येते.

सराव कसा, कुठला?

येथे बाजारातल्या सरावाविषयी सावध राहायला हवे. हजार प्रश्नांचे संच, 'दहा सेकंदांत उत्तर' देणाऱ्या क्लृप्त्या यांचा उपयोग प्रश्नाचा साचा बदलला की संपतो. त्यापेक्षा दररोज वीस प्रश्न घड्याळ लावून सोडवावेत; नंतर चुकलेल्या प्रत्येक प्रश्नासमोर कारण लिहावे : विधान नीट वाचले नाही, आकृती काढली नाही, बाहेरचे ज्ञान वापरले की वेळ संपला? महिनाभरात चुकांचा एक ठरावीक नमुना दिसू लागतो. खरी तयारी तेथून सुरू होते.

एमपीएससी आणि राज्य परीक्षा परिषद प्रश्नपत्रिका व उत्तरतालिका संकेतस्थळावर देतात, हरकती मागवतात आणि अंतिम तालिका प्रसिद्ध करतात. हा सर्वांत विश्वासार्ह आणि विनामूल्य सरावसंच आहे. बँकांच्या भरती परीक्षांत मात्र प्रश्नपत्रिका बाहेर येत नाहीत. उमेदवारांच्या आठवणीतून जमवलेल्या प्रश्नांवर खासगी शिकवण्यांचा व्यवसाय चालतो. जो शिकवणीत आहे, त्याला हे प्रश्न मिळतात. जो नाही, तो परीक्षागृहात ते प्रथमच पाहतो.

डोलवीचा पोलाद कारखाना, नागोठण्याचा रसायन प्रकल्प, धाटावची औद्योगिक वसाहत या पट्ट्यात आहेत. तरीही कायम नोकरीसाठी येथील तरुणांची नजर सरकारी भरतीकडे वळते. बार्टी, सारथी, महाज्योती या संस्था प्रशिक्षण देतात, पण ते ठरावीक समाजघटकांसाठी आणि निवड झालेल्यांसाठी असते. शिकवणीसाठी पनवेल किंवा पुणे गाठायचे, तर प्रवास किंवा खोलीभाडे आधी उभे करावे लागते.

उपाय अवघड नाहीत. पाचवी ते दहावी आठवड्याला तर्काचा एक तास, ग्रामीण वाचनालयांत मागील प्रश्नपत्रिकांचे छापील संच, भरती घेणाऱ्या प्रत्येक यंत्रणेवर प्रश्नपत्रिका व उत्तरतालिका प्रसिद्ध करण्याचे बंधन आणि मराठी प्रश्न मुळातच मराठीत रचण्याची शिस्त, एवढे झाले तरी चित्र पुष्कळ बदलेल. तोवर ही परीक्षा बुद्धीची जेवढी, तेवढीच ऐपतीचीही राहणार, हे उघड आहे.