जमाखर्चात नसलेली माणसे

औंढ्याहून लोणावळ्यास येणाऱ्याला विजेची किंमत वेगळी समजावून द्यावी लागत नाही. येथल्या तलावांचे पाणी १९१५ पासून खोपोलीस उतरून मुंबईसाठी वीज निर्माण करीत आले आहे. शेजारच्या मुळशीत १९२१ साली शेतकऱ्यांनी धरणाविरुद्ध सत्याग्रह केला. तरी धरण झालेच, गावे बुडालीच.

जैतापूरच्या प्रश्नाकडे याच दृष्टीने पाहिले पाहिजे. तेथे माडबन परिसरात ९,९०० मेगावॅटचा अणुप्रकल्प योजण्यात आला. मार्च २०११ मध्ये फुकुशिमाचा अपघात झाला. पुढच्याच महिन्यात साखरीनाटे येथे पोलिसांच्या गोळीबारात एक तरुण बळी पडला आणि तारापूरहून जैतापूरकडे निघालेल्या अणुविरोधी यात्रेकरूंना पोलिसांनी अडविले.

देशाला वीज हवी आणि कोळशाचा धूर नको, हा अणुसमर्थकांचा युक्तिवाद खोटा नाही. परंतु स्वस्ताईचा दावा तपासावयास हवा. जैतापूरसाठी ठरलेल्या धाटणीची फ्रान्समधील फ्लामांव्हील येथील अणुभट्टी २०१२ ऐवजी २०२४ च्या अखेरीस वीज देऊ लागली. खर्च मूळ अंदाजाच्या चौपट झाला. शिवाय अर्थशास्त्र ज्याला ‘बाह्य खर्च’ म्हणते, तो येथे कोळ्याची मासळी आणि बागायतदाराचा आंबा असतो.

जमाखर्चाच्या वहीत ज्यांना रकाना नाही, तेच रस्त्यावर येतात. त्यांना अडविल्याने हिशेब जुळत नाही. अणुभट्टीचे काम सुरू होण्याआधी तो गावांपुढे उघडा मांडणे, हेच शासनाचे कर्तव्य होय.