पाठीवरचे ओझे आणि गळ्यातला कॅमेरा

हिमालयाकडे निघालेल्या अनेक घरांत प्रस्थानाच्या आदल्या रात्री एकच दृश्य दिसते. अंथरुणावर सामान पसरलेले असते, सॅकला हुकाचा वजनकाटा लावलेला असतो आणि काट्यावरचा आकडा मर्यादेच्या पुढे गेलेला असतो. एव्हरेस्ट बेस कॅम्पच्या वाटेवर लुक्ला येथे उतरणाऱ्या छोट्या विमानांत हातातल्या पिशवीसह साधारणतः १५ किलोच सामान नेता येते. मग वगळण्यास आरंभ होतो. लोकरीच्या मोज्यांचा एक जोड जातो, थर्मास जातो, पावसाळी पँट ‘बघू तिथे’ म्हणून बाजूला पडते. कॅमेऱ्याच्या भल्या मोठ्या पिशवीला मात्र कोणी हात लावत नाही. ती हौसेची वस्तू असते, बहुधा नवी असते आणि क्वचित तिचे हप्तेही चालू असतात.

वगळण्याचा हा क्रम उलटा आहे, हे स्पष्टपणे म्हणावयास हवे. उंचीवरील पदभ्रमणात कॅमेऱ्याचे वजन हा छायाचित्रणाइतकाच प्रकृतीचा आणि सुरक्षिततेचाही प्रश्न असतो.

पर्वतातील छायाचित्रणाचा इतिहास पाहिला, तर तो बराचसा ओझे उतरविण्याचाच इतिहास आहे. सॅम्युअल बॉर्न या इंग्रज छायाचित्रकाराने १८६६ मध्ये सुमारे १८,६०० फूट उंचीच्या मणिरंग खिंडीत छायाचित्रे घेतली. त्या काळी काचेवर ओले रसायन चढवून, ते वाळण्यापूर्वीच काच कॅमेऱ्यात घालावी आणि लगेच धुवावी लागे. त्यासाठी काचा, रसायनांच्या बाटल्या आणि अंधाऱ्या खोलीचे काम करणारा तंबू असे सारे बिऱ्हाड डझनावारी हमालांच्या पाठीवर चढत असे. १९२४ मध्ये मॅलरी आणि आयर्विन एव्हरेस्टच्या शिखराकडे निघाले, तेव्हा त्यांच्यापाशी सहकारी सॉमरव्हेल यांचा ‘व्हेस्ट पॉकेट कोडॅक’ होता, असे मानले जाते. नावाप्रमाणेच तो जाकिटाच्या खिशात मावणारा, घडीचा कॅमेरा. मॅलरीचा देह १९९९ मध्ये सापडला आणि आयर्विनच्या पायाचे अवशेष २०२४ मध्ये; तो कॅमेरा मात्र सापडलेला नाही. २९ मे १९५३ रोजी शिखरावर उभ्या असलेल्या तेनसिंग यांचे जगप्रसिद्ध छायाचित्र हिलरींनी घेतले, तेही कोडॅक रेटिना या लहानशा घडीच्या कॅमेऱ्याने. थंडीने तो गारठू नये म्हणून हिलरींनी तो सदऱ्याच्या आत, अंगाशी ठेवला होता. त्या वेळी याहून मोठे कॅमेरे उपलब्ध नव्हते, असे नाही.

आता आजचे आकडे पाहू. कॅनन ५डी मार्क ३ हा एके काळी हौशी मंडळींचा अत्यंत लाडका कॅमेरा बॅटरीसह ९५० ग्रॅमचा आहे आणि त्यावरची २४-७० मिलिमीटरची एफ २.८ लेन्स ८०५ ग्रॅमची. म्हणजे पावणेदोन किलो येथेच झाले. त्यात दूरचे टिपणारी मोठी लेन्स, ट्रायपॉड, चार्जर आणि पिशवी मिळविली की काटा सहज साडेचार-पाच किलोंवर जातो. याउलट रिकोचा जीआर ३ बॅटरी आणि कार्डासह २५७ ग्रॅमचा आहे. सोनीचा आरएक्स१०० मार्क ७ साधारण ३०० ग्रॅमचा असून त्यात झूम आहे. पाऊस-धूळ सोसणारा आणि उणे १० अंशांपर्यंत चालेल अशी निर्मात्यांची ग्वाही असलेला ओएम-५ बॅटरीसह ४१४ ग्रॅमचा आहे; त्याला १२-४५ मिलिमीटरची २५४ ग्रॅमची लेन्स जोडली, तरी सारे मिळून पाऊण किलोच्या आत राहते.

चार किलोंचा हा फरक कळसूबाईवर फारसा जाणवणार नाही. महाराष्ट्राचे हे सर्वोच्च शिखर १,६४६ मीटर उंच आहे. एव्हरेस्ट बेस कॅम्प ५,३६४ मीटरवर आहे आणि तेथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्याहून थोडासाच अधिक असतो. प्रत्येक श्वासात प्राणवायू तेवढाच कमी. जेथे बुटाची नाडी बांधतानाही धाप लागते, तेथे चार किलो म्हणजे काय, हे मुंबईच्या सपाट रस्त्यावर उमगत नाही. छायाचित्र घेताना श्वास रोखण्याची सवय अनेकांना असते. त्या उंचीवर चार वेळा श्वास रोखला की पुढची दहा मिनिटे तो सावरण्यात जातात आणि हातही थरथरतात. म्हणूनच आकार लहान असला, तरी कॅमेऱ्यात प्रतिमा स्थिर ठेवणारी यंत्रणा असावी, हा आग्रह योग्य ठरतो.

यावर उत्तर तयार असते : ‘ओझे हमालाकडे देऊ.’ हे उत्तर सर्वांत कच्चे. हमाल त्याच्या चालीने पुढे जातो आणि मुक्कामावर दोन तास आधी पोहोचतो. वाटेत तेंगबोचेच्या वळणावर ढग बाजूला होऊन आमा दब्लम उघडे पडते, तेव्हा कॅमेरा पुढच्या गावात असतो. स्वतःच्या सॅकच्या तळाशी असला, तरी फार वेगळे घडत नाही. सॅक उतरवा, पट्टे सोडा, पिशवी काढा, लेन्स बसवा. पहिल्या दिवशी हे दहा वेळा होते, तिसऱ्या दिवशी दोन वेळा आणि पाचव्या दिवशी होतच नाही. सॅकच्या छातीवरच्या पट्ट्याला अडकविलेला लहान कॅमेरा मात्र चालता चालता हाती येतो.

मोठ्या कॅमेऱ्याच्या पुरस्कर्त्यांची बाजूही ऐकावयास हवी. आयुष्यात एकदाच जायचे, तर उत्तमच न्यावे, असे ते म्हणतात. फुल फ्रेम सेन्सर ३६ गुणिले २४ मिलिमीटरचा असतो. खिशातल्या चांगल्या कॅमेऱ्यांत आढळणारा ‘एक इंची’ सेन्सर जेमतेम १३.२ गुणिले ८.८ चा. अंधारात आणि ताऱ्यांच्या आकाशात हा फरक दिसतो, हे खरे. ज्यांना हिमालयातले पक्षी टिपायचे आहेत, त्यांना मोठ्या लेन्सवाचून गत्यंतर नाही आणि त्यांनी ती खुशाल न्यावी; फक्त इतर सामान, दिवस आणि सोबत त्या हिशेबाने ठरवावी. परंतु बहुसंख्यांची छायाचित्रे शेवटी पडद्यावर किंवा बैठकीतल्या भिंतीवरच्या मध्यम आकाराच्या चौकटीत जाणार असतात. दिवसाउजेडी घेतलेल्या अशा छायाचित्रात सेन्सर कोणता, हे सांगणे जाणकारालाही कठीण जाते.

मग मोबाईलच का नको? प्रश्न रास्त आहे, कारण मोबाईलचे कॅमेरे आता खरोखरच चांगले आहेत. परंतु थंडीत लिथियम बॅटरीतली रासायनिक क्रिया मंदावते आणि भरलेला मोबाईलही अचानक मान टाकतो. त्याच मोबाईलमध्ये नकाशा असतो, संपर्काचे क्रमांक असतात, प्रसंगी विजेरीही तोच असतो. छायाचित्रांच्या नादात तो बंद पडला, तर छायाचित्रांहून अधिक काही गमावते. शिवाय जाड हातमोज्यांत काचेचा पडदा दाद देत नाही आणि उणे तापमानात मोजे काढून उभे राहणे बोटांना महाग पडू शकते.

कॅमेरा निवडताना जाहिरातीतल्या मेगापिक्सेलपेक्षा तीन गोष्टी पाहाव्यात. पहिली, डोळ्याला लावायचा व्ह्यूफाइंडर. बर्फावरच्या प्रखर उन्हात मागचा पडदा जवळजवळ दिसत नाही. वर उल्लेखिलेल्या जीआर ३ मध्ये व्ह्यूफाइंडर नाही, ही त्याची मोठी उणीव. दुसरी, हातमोजा घालून फिरविता येईल असे बटण, विशेषतः प्रकाश कमी-अधिक करण्याचे. कॅमेऱ्याचे मोजमाप सारे जग करड्या रंगाचे आहे असे गृहीत धरते, त्यामुळे पांढरे शुभ्र बर्फ मळकट उमटते. एक-दीड टप्पा प्रकाश वाढवावा लागतो. तिसरी गोष्ट, जास्तीच्या बॅटऱ्या परवडतील अशी व्यवस्था. विमानात त्या हातातल्या सामानातच न्याव्या लागतात. वाटेवरच्या लॉजमध्ये चार्जिंगचे पैसे पडतात आणि उंचीबरोबर दर चढत जातो. रात्री बॅटऱ्या स्लीपिंग बॅगेत अंगाशी ठेवाव्यात. कॅमेरा मात्र बाहेरच्या थंडीतून शेकोटीच्या खोलीत नेण्यापूर्वी बाहेरच प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करावा, म्हणजे दव आत न धरता पिशवीवर धरते.

काला पत्थरची संध्याकाळ हे या साऱ्याचे खरे परीक्षास्थान. बेस कॅम्पवरून एव्हरेस्टचे शिखर दिसत नाही, म्हणून साडेपाच हजार मीटरहून उंच असलेल्या या टेकाडावर लोक चढतात. सूर्य मावळताना समोरच्या नुप्त्सेमागून एव्हरेस्टचा माथा तांबूस होतो. तो रंग काही मिनिटांचाच असतो आणि त्यानंतर गोरक्षेपपर्यंतची उतरण अंधारात, गारठ्यात करायची असते. ज्याच्या पाठीवर पाच किलोंचे सामान आहे, तो ट्रायपॉड उभारण्यात, लेन्स बदलण्यात आणि मग सारे आवरण्यात अर्धा-पाऊण तास मोडतो. तेही शरीर दमलेले आणि डोके जड असताना. विरळ हवेत विचारही मंदावतात, त्यामुळे ‘आणखी एकच’ हा मोह तेथे अधिक घातक ठरतो.

पैशाचा हिशेबही सांगितलाच पाहिजे. एका प्रवासासाठी लाखाचा कॅमेरा हप्त्यांवर घेणे शहाणपणाचे नाही. त्याचे मोल पहिल्या वर्षातच झपाट्याने उतरते. मुंबई-पुण्यासारख्या शहरांत कॅमेरे दिवसाच्या भाड्याने मिळतात, वापरलेलेही चांगले मिळतात. वाचलेल्या पैशांतून आधी बूट आणि स्लीपिंग बॅग घ्यावी. प्रवासविम्याचा कागद तर बारकाईने वाचावा. अनेक पॉलिसींत ठराविक उंचीच्या वरील पदभ्रमण वगळलेले असते आणि आजारी माणसाला हेलिकॉप्टरने खाली आणण्याचा खर्च बहुतेक कॅमेऱ्यांच्या किमतीला मागे टाकतो.

निवडलेला कॅमेरा घेऊन निघण्यापूर्वी एखाद्या रविवारी राजगडावर किंवा हरिश्चंद्रगडावर जावे. सॅक पूर्ण भरावी, हिमालयात वापरायचे तेच हातमोजे घालावेत, चढावर न थांबता कॅमेरा काढावा, एक छायाचित्र घ्यावे आणि मोजे न काढता बॅटरी बदलून पाहावी. पुण्या-मुंबईच्या उकाड्यात हा प्रकार हास्यास्पद दिसेल. बॅटरी हातातून निसटून कारवीच्या झुडपात पडली, तर दुसरा कॅमेरा पाहण्यास अजून अवधी असतो.