पाळणाघराची पारख

नोकरी करणाऱ्या स्त्रीची प्रसूतीची रजा संपत आली की घरात एक प्रश्न दबक्या आवाजात सुरू होतो. मूल सहा महिन्यांचे झालेले असते. सासू गावी असते किंवा तिचे गुडघे थकलेले असतात. आई स्वतःच कुठे तरी कामाला जात असते. मग शेजारीपाजारी चौकशी होते, आणि जवळचे, स्वस्त व त्यातल्या त्यात बरे असे एखादे पाळणाघर एका संध्याकाळी ठरून जाते. कपाट घेताना चार दुकाने हिंडणारे कुटुंब आपले मूल दिवसाचे नऊ तास कोणाच्या हवाली करायचे, हे मात्र अर्ध्या तासात ठरवून मोकळे होते. यात त्या कुटुंबाचा दोष थोडा आणि नाइलाज मोठा आहे. तथापि हा विषय घरगुती आहे, बायकांचा आहे, त्याला या पानावर स्थान नाही, असे ज्या कार्यकर्त्यांना वाटत असेल त्यांच्याशी आमचा स्पष्ट मतभेद आहे.

वस्तुतः हा प्रश्न गिरणीच्या भोंग्याइतका जुना आहे. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या दशकांत मुंबईच्या कापड गिरण्यांत काम करणाऱ्या अनेक माता तान्ह्या मुलाला अफूची ‘बाळागोळी’ देऊन निजवीत आणि पाळीवर जात. त्या निर्दय नव्हत्या. मूल गुंगीत राहिले तरच त्यांना खात्यात उभे राहता येत होते. पुढे १९४८ च्या कारखाने कायद्याने पन्नासहून अधिक स्त्रिया कामावर असलेल्या कारखान्यात पाळणाघर सक्तीचे केले. १९७६ साली ही मर्यादा तीसवर आणली गेली. हेतू चांगला होता, पण पाळणाघराचा खर्च स्त्रियांच्या संख्येशी बांधल्यामुळे मालकाला पळवाटही मिळाली. तीस स्त्रिया असल्या तर पाळणाघर लागणार नाही, एकतीस झाल्या तर लागणार, मग एकतिसावी घ्यायचीच कशाला? २०१७ साली प्रसूतिलाभ कायद्यात दुरुस्ती झाली, रजा सव्वीस आठवड्यांची झाली आणि पन्नास किंवा अधिक नोकरदार असलेल्या आस्थापनेवर पाळणाघराची जबाबदारी आली. यात पुरुषही मोजले जातात, हे महत्त्वाचे होय. मूल बापाचेही असते, एवढे कायद्याने निदान मोजणीपुरते मान्य केले. मात्र दिवसातून चार वेळा मुलाला भेटायला जाण्याची मुभा त्याच कायद्याने फक्त आईला दिली. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही पन्नासांची अट कायम आहे. लहान कारखान्यांतील, दुकानांतील, घरकामातील आणि बांधकामावरील स्त्रिया या अटीच्या बाहेरच राहतात. त्यांना निवड करावी लागते ती गल्लीतल्या खासगी पाळणाघरांतून.

ही निवड कशी करावी, याविषयी काही व्यावहारिक गोष्टी प्रथम सांगणे आवश्यक आहे. पाळणाघर पाहायला दुपारी दोन ते चारच्या दरम्यान जावे. सकाळी सगळीच पाळणाघरे झाडूनपुसून सज्ज असतात. खरी स्थिती दुपारी दिसते. भिंतीवरची रंगीत चित्रे मोजू नयेत, मुले मोजावीत आणि त्यांना सांभाळणारे हात मोजावेत. उद्या आग लागली तर एक बाई न चालणारी किती मुले उचलून बाहेर आणील, एवढा एकच प्रश्न मनाशी विचारावा. चूल किंवा गॅस मुलांच्या हाताशी आहे काय, जिन्याला आडण आहे काय, पाण्याने भरलेली बादली उघडी पडली आहे काय, हे डोळ्यांनी पाहावे. ओले दुपटे किती वेळाने बदलले जाते, दुधाची बाटली कोण उकळते, ताप आलेल्या मुलाला कोठे निजवतात आणि संध्याकाळी मूल कोणाकोणाच्या हाती सोपवतात, हे विचारावे. अनोळखी माणसाला मुलांच्या खोलीत मोकाट सोडू नये हे योग्यच. परंतु ज्यांचे मूल तेथे राहते त्या आईबापांना कोणत्याही वेळी, न कळवता, आत येता आले पाहिजे. जेथे याला नकार आहे तेथे मूल ठेवू नये. शक्य असेल तर पहिल्या आठवड्यात आईने किंवा बापाने थोडा थोडा वेळ तेथे बसावे, म्हणजे मुलाला नवी जागा आपल्या माणसाच्या सोबतीने ओळखीची होते.

आणखी एक खूण आहे. बारा मुलांची खोली दुपारी चार वाजता अगदी शांत असेल, तर त्या शांततेचे कौतुक करण्यापूर्वी तिचे कारण शोधावे. मुले हसतात, भांडतात, रडतात. रडणाऱ्याला कोणी तरी उचलून घेते. हा गलका निरोगी होय. बाळागोळीचे दिवस गेले, पण मुलाला गप्प ठेवण्याची गरज गेलेली नाही. आता ते काम दूरदर्शन संचाकडून आणि मोबाइलच्या पडद्याकडून करून घेतले जाते, कधी दटावणीतून, तर कधी नको तितक्या झोपेच्या सक्तीतून होते. एकट्या बाईच्या अंगावर बारा मुले टाकली की तिलाही, त्या गिरणी कामगार आईप्रमाणेच, दुसरा उपाय उरत नाही.

येथे आम्ही मुख्य मुद्द्याशी येतो. पाळणाघर पाहायला गेलेले पालक फी विचारतात, वेळ विचारतात, खाऊ काय देता हे विचारतात. सांभाळणाऱ्या बाईला पगार किती मिळतो आणि ती येथे किती वर्षे आहे, हे क्वचितच कोणी विचारतो. तान्हे मूल संस्थेला ओळखत नाही. ते एक चेहरा, एक आवाज आणि एक मांडी ओळखते. तो चेहरा दर दोन महिन्यांनी बदलत असेल, तर मुलाला दर दोन महिन्यांनी नव्याने परके व्हावे लागते. आणि तो चेहरा बदलतो, कारण तेवढ्या पगारात त्या बाईचे भागत नाही. चार घरची धुणीभांडी तिला अधिक पैसे देतात. आपली मुले तिला ‘मावशी’ म्हणतात. त्या मावशीच्या पोटाची चौकशी मात्र आपण करीत नाही. किमान वेतनाच्या मोर्चात घोषणा देणारा आमच्यातलाच एखादा कार्यकर्ता गल्लीतले सर्वांत स्वस्त पाळणाघर शोधून समाधान मानतो, तेव्हा ती स्वस्ताई कोणाच्या पगारातून आली हा विचार त्याच्या मनाला शिवत नाही. मुलाच्या सुरक्षिततेचे पहिले लक्षण म्हणजे त्याला सांभाळणाऱ्या स्त्रीच्या नोकरीची सुरक्षितता होय, असे आमचे मत आहे.

यावर एक आक्षेप घेतला जाईल आणि तो रास्त आहे. बाईचा पगार वाढला तर फी वाढणार. मग कामकरी आईने मूल ठेवायचे कोठे? हिशेब मांडून पाहू. एका बाईकडे पाच लहान मुले असावीत आणि तिला महिना पंधरा हजार रुपये मिळावेत, असे धरले तर तिच्या पगारापोटीच प्रत्येक घराला तीन हजार द्यावे लागतील. जागेचे भाडे, दूध, जेवण आणि वीज वेगळी. महिना दहा हजार कमावणाऱ्या घरकामगार स्त्रीला हे झेपणारे नाही. म्हणजे दोन श्रमिक स्त्रिया समोरासमोर उभ्या राहतात आणि एकीचे पोट भरायचे तर दुसरीचे रिकामे राहते. त्यांच्यापैकी कोणीही दोषी नाही. हा हिशेब त्या दोघींत कधीच जुळणार नाही. आईच्या श्रमाचा लाभ घेणारा मालक आणि उद्याचा नागरिक आयता मिळवणारे शासन, या दोघांनी आपला वाटा उचलल्याशिवाय तो जुळणे शक्य नाही.

हे स्वप्नरंजन नव्हे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीत काम सुरू केले आणि १९५७ साली ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. तेथील विकासवाडीत पाळणाघर, बालवाडी आणि शाळा एकाच आवारात होत्या. धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन घरी बसणारी आदिवासी मुलगी त्यामुळे शाळेत येऊ शकली. पाळणाघर नसले की त्याची किंमत बहुधा थोरल्या मुलीची शाळा देते, हे त्या दोघींनी पुस्तकात न शोधता अंगणात पाहिले होते. १९६९ साली दिल्लीत मीरा महादेवन यांनी बांधकामावरील मजुरांच्या मुलांसाठी फिरती पाळणाघरे सुरू केली. १९७५ साली ३३ प्रकल्पांनिशी सुरू झालेली अंगणवाडी आज गावोगावी आहे. परंतु तिचे काही तास शेतावरच्या वा कारखान्यातल्या आईच्या दिवसाला पुरत नाहीत. २०२२ पासून केंद्राच्या ‘पाळणा’ योजनेत अंगणवाडीला पाळणाघराची जोड देण्याचे ठरले आहे. तिचे स्वागत करताना एक आठवण ठेवली पाहिजे. ज्यांच्यावर हा भार पडणार त्या अंगणवाडी सेविका आणि मदतनीस पगारावर नसून मानधनावर आहेत, आणि डिसेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्रात त्यांना संपावर जावे लागले होते.

म्हणून कार्यकर्त्यांना आमचे सांगणे आहे. आपल्या वस्तीत किती पाळणाघरे आहेत, तेथे मुले किती, बाया किती आणि त्यांना पगार किती, याची साधी नोंद करावी. प्रत्येक पाळणाघराशी आईबापांची एक लहान समिती जोडावी आणि सांभाळणाऱ्या बाईला त्या समितीत मानाने बसवावे. युनियनच्या पुढच्या मागणीपत्रात बोनसच्या खाली कोठे तरी नव्हे, बोनसच्या शेजारी पाळणाघराची मागणी लिहावी. अंगणवाडीची वेळ वाढावी ही मागणी करताना सेविकांच्या पगाराची मागणी त्याच ठरावात असावी. एकीच्या सोयीसाठी दुसरीला राबवणे आपल्याला शोभणारे नाही.

आणि ज्यांच्या घरी आज तान्हे मूल आहे त्या पुरुष साथींनी पाळणाघर पाहायला स्वतः जावे. अर्धा दिवस रजा टाकावी, दुपारी तीन वाजता दार वाजवावे, मुले मोजावीत, जिना पाहावा. निघताना त्या मावशीला तिचा पगार विचारावा, आणि उत्तर ऐकून फी कमी करा म्हणण्याची इच्छा होते काय, हे स्वतःला विचारून पाहावे.