नवीन टाकी विकण्याआधी वॉशर विकायला शिका



गिऱ्हाईक दुकानात येतं आणि म्हणतं, "भाऊ, फ्लशची टाकी गळून राहिली, नवीन दाखवा." बरेच दुकानदार लगेच माळ्यावरचा डबा खाली काढतात. माझं मत वेगळं आहे. बाभुळगावसारख्या तालुक्याच्या गावात हार्डवेअर किंवा प्लंबिंगच्या धंद्यात टिकायचं असेल, तर आधी गळती शोधून द्या. टाकी खरंच लागत असेल तरच विका.

टाकीचं काम तसं सोपं आहे. बॉल कॉक पाणी आत घेतो आणि पातळी भरली की बंद करतो. तळाचा वॉशर पाणी अडवून धरतो. बटण दाबलं की तो उचलला जातो. पाणी जास्त झालं तर ते ओव्हरफ्लोच्या नळीतून कमोडमध्ये जातं. म्हणजे गळतीच्या जागा मोजून तीन. त्या गिऱ्हाईकाला अशा शोधायला सांगा:

१. टाकीखालची जागा कोरडी पुसा आणि प्रत्येक जोडाला सुका कागद लावा. कागद ओला झाला, तर तिथला नट, वॉशर किंवा कनेक्शन पाइप तपासा.

२. बाहेर कोरडं असेल, तर अँगल कॉक बंद करा. टाकीच्या आत पाण्याच्या पातळीवर पेन्सिलीने खूण करा. जिलेबीत घालतात तो खायचा रंग चिमूटभर टाका आणि अर्धा तास फ्लश करू नका. पातळी उतरली आणि कमोडमध्ये रंग दिसला, तर तळाचा वॉशर गेलाय किंवा त्यावर क्षार बसलेत. बोअरच्या जड पाण्याने हे होतंच. आधी वॉशर धुऊन पाहा, नाहीतर बदला.

३. पातळी तशीच राहिली, तर कॉक पुन्हा उघडा. पाणी ओव्हरफ्लोच्या नळीत पडत असेल, तर दोष बॉल कॉकचा. पाणी नळीच्या तोंडाच्या साधारण इंचभर खाली थांबेल असा फ्लोट खाली करा. तरीही थांबत नसेल, तर बॉल कॉक बदला. नवीन टाकीची गरज नाही.

आता "थेंबभर पाण्याचं काय एवढं?" म्हणणाऱ्यांसाठी हिशोब. कमोडमधल्या बारीक धारेने २०० मिलीचा ग्लास दोन मिनिटांत भरत असेल, तर तासाला ६ लिटर आणि दिवसाला १४४ लिटर पाणी गेलं. जल जीवन मिशनचं माप आहे माणशी दिवसाला ५५ लिटर. म्हणजे अडीच माणसांचं पाणी गुपचूप वाहून जातं, वर मोटारीचं बिल वेगळं. बेंबळा धरण आपल्याच तालुक्यात आहे म्हणून आपण निवांत असतो. पण २०१८ च्या उन्हाळ्यात निळोणा आणि चापडोह आटले, तेव्हा यवतमाळ शहरात पाण्यासाठी काय हाल झाले ते आपण पाहिलंय.

माझ्या ट्रेनिंगला येणारी पोरं इथे एक रास्त प्रश्न विचारतात: "सर, सगळं फुकट शिकवलं तर आपण कमवायचं काय?"

आकड्यांत बघू. समजा नवीन टाकीवर तुम्हाला १५० रुपये सुटतात आणि वॉशरवर १०. वरवर पाहता टाकीच बरी. पण टाकी विकायला चार-पाच डबे महिनोन्‌महिने माळ्यावर ठेवावे लागतात, त्यात भांडवल अडकतं. वॉशर, बॉल कॉक, कनेक्शन पाइप, टेफ्लॉन टेप असा माल एका खोक्यात मावतो. शिवाय शिकवलेल्या दहा जणांपैकी सगळे स्वतः हात घालत नाहीत. काहीजण म्हणतातच, "तुम्हीच येऊन करून द्या ना." तिथे घरी येण्याचे १५० रुपये आधीच सांगून घ्या. म्हणजे टाकीइतकाच पैसा सुटला आणि माल अडकला नाही. मुख्य म्हणजे, ज्याचे तुम्ही हजार-बाराशे वाचवले, तो घर बांधताना नळाचं सगळं सामान कुठून घेईल? आणि ज्याला गरज नसताना टाकी दिली, त्याला पुढे कोणी खरं सांगितलं, तर चार माणसांत तुमचं नाव कसं निघेल? छोट्या गावात जाहिरात तोंडातोंडीच होते, चांगलीही आणि वाईटही.

मात्र एक मर्यादा पाळा. भिंतीत बसवलेली कन्सिल्ड टाकी किंवा तडा गेलेली टाकी असेल, तर गिऱ्हाईकाला प्रयोग करायला लावू नका. तिथे जाणता प्लंबर पाठवा. तडा असेल तर नवीन टाकी बिनधास्त विका.

सुरुवात करायला मोठं भांडवल नको. एक जुनी टाकी बाजूने कापून काउंटरवर ठेवा, आतलं काम डोळ्यांनी दिसलं की पटतं. "जुना पार्ट सोबत आणा" अशी पाटी लावा, मापाची चूक टळते. आणि हे काम नीट शिकायचं असेल, तर आयटीआयमध्ये प्लंबरचा एक वर्षाचा ट्रेड आहे.

आज एवढंच करा: आपल्याच घरच्या टाकीत पेन्सिलीची खूण करून बघा. स्वतःच्या घरची गळती शोधता आली, की गिऱ्हाईकाला सांगताना आवाजात आपोआप खात्री येते.